ॲबर्डीनशायर: किनाऱ्यावरचे किल्ले, पक्ष्यांचे कडे आणि डी नदीकाठचा मुलूख. आईबाबांना घेऊन कसं फिरावं?

सातारची_मीरा

नमस्कार मंडळी. आईबाबा मेच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्याहून इकडे लेस्टरला येताहेत. एडिंबरा, लॉक नेस, स्काय हा नेहमीचा फेरा मागच्या खेपेला सहलीच्या बसमधून झाला. "बसच्या काचेला नाक लावून आलो" एवढंच बाबा त्याबद्दल सांगतात. या वेळी एकाच जागी मुक्काम ठोकून सावकाश फिरायचं आहे. मावसभाऊ ॲबर्डीनला असतो. राहायची सोय त्याच्याकडे, गाडीही त्याचीच.

बाबांना गडकिल्ल्यांचं वेड आहे, अजिंक्यताऱ्यावर रोज चढून जाणारा माणूस. आईला फुलं, पाखरं आणि पाणी लागतं. तिचा गुडघा चढाला साथ देतो, उताराला कुरकुरतो. हाताशी आठवडाभर आहे. या भागावर जुना धागा सापडला नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांगा.

उत्तरसमुद्री

या, या. तेलाच्या नोकऱ्यांमुळे इथे बरीच मराठी घरं आहेत, पण पाहुणे आले की तीसुद्धा पाहुण्यांना घेऊन स्कायला पळतात. त्यामुळे या कोपऱ्याबद्दल लिहायला कोणी उरत नाही.

सगळ्यात आधी एक सांगतो. सोमवारी हे, मंगळवारी ते असं आखून येऊ नका. वसंत आणि उन्हाळ्यात या किनाऱ्यावर 'हार' म्हणून समुद्री धुकं चढतं. उबदार हवा थंडगार नॉर्थ सीवरून सरकली की तिच्यातली वाफ गोठून... नाही, गोठून नव्हे, थेंब धरून धुकं होतं आणि पूर्वेचा वारा ते किनाऱ्यावर लोटतो. ॲबर्डीनमध्ये रस्त्यापलीकडचं घर दिसत नसतं आणि त्याच वेळी अठरा मैल आत बँकरीला लोक अर्ध्या बाह्यांत आइस्क्रीम खात बसलेले असतात. म्हणून दोन याद्या करा, एक किनाऱ्याची आणि एक आतली. सकाळी पडदा सारायचा, वारा कुठला आहे ते पाहायचं आणि मग गाडी कुठे वळवायची ते ठरवायचं.

किनाऱ्याच्या यादीत पहिलं नाव डनॉटर किल्ल्याचं. स्टोनहेवनच्या दक्षिणेला साधारण दोन मैल. समुद्रात घुसलेला प्रचंड सुळका, त्याच्या माथ्यावर पडके वाडे, तीन बाजूंनी सरळसोट कडा. खडक नीट बघा. सिमेंटमध्ये गोटे कालवल्यासारखा दिसतो, पण तो अस्सल नैसर्गिक आहे. जुन्या नद्यांनी वाहून आणलेले गोलगोटे एकमेकांत घट्ट बसलेत. हायलँड आणि लोलँड वेगळे करणारा मोठा भूभंगही स्टोनहेवनजवळच समुद्रात उतरतो.

आईंसाठी मात्र विचार करा. गाडीतळावरून आधी घळीत खाली उतरायचं आणि मग दारातून वर चढायचं. पायऱ्या दोनशेच्या आसपास, आणि परतताना तेच उलट. पण किल्ल्याचं सगळ्यात देखणं रूप समोरच्या कड्यावरून दिसतं, आणि तिथवर जाणारी वाट बरीचशी सपाट आहे. तिकीट किल्ल्याच्या आत जायचं असेल तरच लागतं. सोसाट्याचा वारा असेल तर किल्ला बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर एक नजर टाका.

गडकोट

मीरा, बाबांना आत न्याच. बाहेरून फोटो काढून परतायला हा काही स्वागताचा फलक नव्हे.

विजयदुर्ग त्यांनी पाहिला असेलच. तिथे खुश्कीची वाट एकाच बाजूने, इथेही तसंच. आणि इथला वेढा ऐकण्यासारखा आहे. १६५१ मध्ये इंग्लंडमधली राजसत्ता मोडणाऱ्या क्रॉमवेलचं सैन्य स्कॉटलंडभर पसरलं, तेव्हा स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार याच किल्ल्यात आणून ठेवली होती. इंग्लंडची राजचिन्हं क्रॉमवेलच्या लोकांनी आधीच वितळवली होती, म्हणजे हीसुद्धा हाती लागली असती तर काय झालं असतं ते उघड आहे. मूठभर शिबंदीने आठ महिने किल्ला लढवला. १६५२ च्या मेमध्ये शेवटी तो पडला, तेव्हा इंग्रजांनी सगळा किल्ला उलथापालथा केला. हाती काही लागलं नाही.

कारण राजचिन्हं आधीच पसार झाली होती. किनेफ गावच्या पाद्र्याच्या बायकोने, ख्रिश्चन ग्रेंजरने, ती लपवून नेली. कशी नेली याच्या दोन कथा आहेत. एक म्हणते, किल्लेदाराच्या बायकोला भेटायला आली आणि मुकुट पदराखाली घेऊन शत्रूच्या छावणीतूनच परतली. दुसरी म्हणते, कड्यावरून दोरीने खाली सोडली आणि समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या मोलकरणीने टोपलीतून नेली. काहीही असो, किनेफच्या चर्चची फरशी उखडून खाली पुरली आणि १६६० मध्ये राजा परत येईपर्यंत नवराबायकोने अवाक्षर काढलं नाही. अधूनमधून रात्री उकरून शेकोटीपुढे वाळवायचे म्हणतात.

तर बाबांना डनॉटर दाखवून तसंच किनेफच्या जुन्या चर्चला घेऊन जा. गाडीने फार लांब नाही. इमारत आता १७३८ ची आहे, गर्दी शून्य. मग मागच्या खेपेला एडिंबऱ्याच्या किल्ल्यात काचेमागे पाहिलेला तो मुकुट त्यांना पुन्हा आठवेल आणि या वेळी कळेलही.

किल्ल्याची काळी बाजूसुद्धा सांगा. १६८५ मध्ये धर्मावरून राजाला नमायला नकार देणारे शे-दीडशेहून जास्त बायकापुरुष इथल्या एका तळघरात कोंडले होते. ते तळघर आजही पाहता येतं. समुद्राकडे उघडणारी खिडकी आहे. खाली बघितलं की तिथून पळायचा प्रयत्न करणाऱ्यांचं काय झालं असेल ते सांगावं लागत नाही.

वरणभात

वाचते आहे. शाकाहारी मंडळींचं काय होतं तिथे?

पाखरू

मीरा, आईला घेऊन तू अगदी वेळेवर जाते आहेस गं. मेअखेर ते जुलैची सुरुवात, हाच पक्ष्यांचा काळ. ऑगस्टमध्ये गेलीस तर रिकामे कडे आणि वास तेवढा उरतो.

डनॉटरच्या दक्षिणेला क्रॉटन नावाची चार घरांची वस्ती आहे, तिथून फाउल्सह्यूचे कडे. आरएसपीबी या पक्षीसंस्थेचं राखीव क्षेत्र. गिलिमॉट, रेझरबिल, किटिवेक हजारोंनी बसलेले असतात, एकेका फळीवर खांद्याला खांदा लावून. पफिनही असतात पण थोडे, दुर्बीण हवीच. गिलिमॉट घरटं बांधतच नाही. उघड्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. त्या आकारामुळे ते उतारावर सहजी घरंगळत नाही. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं झालं, अजून उडता येत नाही, की बाप खाली पाण्यात जाऊन हाका मारायला लागतो आणि पिल्लू कड्यावरून सरळ उडी टाकतं. पुढे समुद्रात त्याला सांभाळतो तो बापच. उड्या पाहायच्या तर जूनअखेर संध्याकाळी जावं लागतं, तुम्हाला अंडी दिसतील. कड्याला कठडा नाही, वाटेवरूनच चाला.

ॲबर्डीनच्या उत्तरेला फोर्वीचे वाळूचे डोंगर आहेत, खालून यथन नदी समुद्राला मिळते. एका जुन्या गावावर वाळू चढत गेली. आता चर्चच्या भिंतींचे अवशेष तेवढे दिसतात. तिथे आयडर बदकं असतात. नराची हाक ऐक एकदा. चाळीत कोणीतरी चटकदार बातमी सांगावी आणि सगळ्यांनी एका सुरात "अऽऽऊ?" करावं, अगदी तसं! आई हसून लोटपोट होईल. वीण चालू असताना फोर्वीचं दक्षिण टोक बंद असतं, पण त्याने अडत नाही. न्यूबर्गच्या बाजूने किनाऱ्यावर गेलं की पलीकडच्या वाळूवर शेकडो सील पडलेले दिसतात. जवळ जायचं नाही, ते घाबरून पाण्यात धावले की पिल्लं चेंगरतात. अलीकडेच बसायचं, डबा उघडायचा.

उत्साह असेल तर पार उत्तरेला ट्रूप हेड. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरची गॅनेट पक्ष्यांची एकमेव वसाहत. २०२२ च्या बर्डफ्लूने स्कॉटलंडभरच्या गॅनेटांना मोठा फटका दिला, तरी पाहण्यासारखंच आहे.

आणि काहीच जमलं नाही तर ॲबर्डीन शहरातच, टॉरी बॅटरीला गाडी लावून बसा. बंदराच्या तोंडाशी डॉल्फिन येतात, गाडीतून न उतरता दिसतात. ज्येनांसाठी (ज्येष्ठ नागरिकांसाठी) याहून सोपं काही नाही.

उत्तरसमुद्री

पाखरूताईंना अनुमोदन. टॉरीला बोटी ये-जा करत असतील तेव्हा थांबा, डॉल्फिन बोटीच्या नाळेपुढे खेळतात.

ट्रूप हेडला गेलात तर शेजारचं क्रोवी चुकवू नका. कड्याच्या पायथ्याशी घरांची एकच ओळ, समोर समुद्र, मध्ये जेमतेम पायवाट. बरीच घरं समुद्राकडे बाजूची भिंत करून उभी आहेत, लाटांचा मारा दर्शनी भिंतीवर येऊ नये म्हणून. गावात गाडी जातच नाही, लोक सामान हातगाडीवरून नेतात. १९५३ च्या जानेवारीतल्या वादळाने गाव झोडपून काढलं, तेव्हा बरेच कोळी कायमचे उठून गेले. आज बहुतेक सुट्टीची घरं आहेत. आईंना वरच्या दर्शनस्थळावरूनच दाखवा, खाली जाणारा रस्ता गुडघ्याचा शत्रू आहे.

ज्येना_पुणेकर

मीराताई, मी आणि सौ. मुलीकडे गेलो होतो तेव्हाचा अनुभव सांगतो. आमच्या वयाला किनाऱ्यापेक्षा डी नदीचं खोरं मानवतं. क्रेथ्स किल्ला पाहा. पडका नाही, नांदता वाडा वाटतो. छतांच्या लाकडी तुळयांवर सोळाव्या शतकाच्या अखेरची रंगीत चित्रं आहेत, वीर, कला आणि सद्गुणांच्या मूर्ती, शेजारी सुभाषितं. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याने १३२३ मध्ये बर्नेट घराण्याला जमीन दिली, तिची खूण म्हणून दिलेलं हस्तिदंती शिंग दिवाणखान्यात टांगलेलं आहे. बागेतल्या यू झाडांच्या कापीव भिंती १७०२ च्या. सौ. तिथून हलेनात. आत जिना गोल आणि अरुंद आहे, बागेत मात्र काठी घेऊनही आरामात फिरता येतं.

राजघराण्याच्या बाल्मोरललाही आम्ही गेलो होतो. सौ.ना फार आवडलं.

गडकोट

काका, बाल्मोरल म्हणजे १८५० च्या दशकात बांधलेला बंगला. त्याला किल्ला म्हणायचं तर आमच्या सोसायटीच्या फाटकालाही म्हणावं लागेल. त्यापेक्षा क्रेगिवार बघा. १६२६ ला पुरा झालेला गुलाबी मनोरा, खाली साधा, वर जाईल तसे बुरूज फुटत गेलेले. वरच्या मजल्यांवर आजही विजेचे दिवे नाहीत, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात छतावरची गिलाव्याची नक्षी पाहायची.

ज्येना_पुणेकर

गडकोटराव, बंगला तर बंगला. राणी एलिझाबेथ २०२२ मध्ये तिथेच गेल्या. आमच्या पिढीने त्यांना आयुष्यभर वर्तमानपत्रात पाहिलं, त्यामुळे आम्हाला ती जागा पाहावीशी वाटली. मीराताई, उन्हाळ्यात राजघराणं राहायला आलं की ते बंद होतं, मे-जूनला उघडं असतं. बगीचा आणि नाचाचा दिवाणखाना तेवढा पाहिला आम्ही. हल्ली आतल्या काही खोल्यांचीही तिकिटं काढतात म्हणे, महाग असतात आणि लगेच संपतात.

चौकस

बाल्मोरलला जा किंवा जाऊ नका, पण वाटेत बॅलाटरला अर्धा तास थांबा. पॅट्रिक गेडिस १८५४ मध्ये बॅलाटरला जन्मला. नगररचनेच्या विचारातलं जगभर घेतलं जाणारं नाव. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उघडला तो त्यानेच. त्याच्या हाताखालून पुढे इंग्लंडला शिकायला गेले ते मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, आणि १९२४ पासून विभाग त्यांनी सांभाळला. भारतात समाजशास्त्र शिकलेला जवळपास प्रत्येक जण कुठून ना कुठून घुर्यांपाशी पोचतो, आणि घुर्यांवरून या गावापाशी.

खोऱ्यातली माझी आवडती जागा मात्र बर्न ओ'व्हॅट. बॅलाटरच्या अलीकडे, डिनेटच्या रानात. हिमयुग सरताना बर्फाच्या पाण्याने दगडगोटे भोवऱ्यात फिरवून खडकात प्रचंड रांजणखळगा पाडला. आपल्या निघोजचे रांजणखळगे पाहिले असतील तर हा तोच प्रकार, पण आत माणसं उभी राहतात एवढा. ओढ्यातले दगड ओलांडत, दोन खडकांच्या फटीतून वाकून आत शिरायचं. आत गेलं की वर आभाळाचा गोल तुकडा, भिंतींना शेवाळ आणि नेचे, कोपऱ्यातून बारीक धबधबा. वाट छोटी आहे. त्या शेवटच्या फटीत बूट भिजतात, जादा मोजे ठेवा.

गडकोट

घुर्ये-बॅलाटर हे माहीत नव्हतं. बंगल्याच्या वाटेवर गाव आहे म्हणून बंगला माफ.

उत्तरेच्या दिवसासाठी भर घालतो. क्रूडन बे गावाजवळ स्लेन्स किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. 'ड्रॅक्युला'चा लेखक ब्रॅम स्टोकर या गावात सुट्टीला येत असे, त्यामुळे रक्तपिपासू काउंटचा वाडा इथूनच सुचला असं सगळीकडे छापलेलं असतं. तेवढ्यासाठी जाऊ नका. १७७३ मध्ये इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार बॉझवेल इथे उतरले होते, तेव्हा हे नांदतं घर होतं. १९२५ मध्ये छप्पर उतरवलं आणि तेव्हापासून पडझड चालू आहे. कठडा नाही, पाटी नाही, भिंत संपते तिथे कडा सुरू होतो. बाबांना एकट्याला सोडू नका. तिथून जवळच बुलर्स ऑफ बुकन: समुद्रगुहेचं छत कोसळून झालेला खोल रांजण, तळाशी कमानीतून लाटा आत येतात. जॉन्सन तर होडीतून आत शिरला होता. काठाने अरुंद वाट आहे, बायकामुलं आणि भित्र्या पुरुषांनी अलीकडूनच बघावं.

पाखरू

"बायकामुलं" वाचून मी मुद्दाम पूर्ण फेरी मारून आले आहे, गडकोट. पलीकडच्या बाजूने पफिन जास्त चांगले दिसतात.

गडकोट

शब्द मागे घेतो. भित्र्या पुरुषांनी एवढंच ठेवा.

वरणभात

माझ्या प्रश्नाचं काय झालं?

उत्तरसमुद्री

वरणभात, सांगतो. इथली 'रोवी' किंवा 'बटरी' नावाची चपटी, खारी, पापुद्र्यांची पाव-पोळी सगळे कौतुकाने देतात, पण पारंपरिक रोवीत डुकराची चरबी असते. बेकरीत विचारून घ्या. चिप्सही काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात, तेही विचारायला लाजू नका, कोणाला वावगं वाटत नाही. दुपारच्या सूपच्या पाटीवर मसूर-गाजर किंवा बटाटा-लीक बहुधा असतं, तरी रस्सा भाज्यांचाच आहे ना ते विचारा. मासे खाणाऱ्यांनी कलन स्किंक सोडू नये. धुरी दिलेला हॅडॉक, बटाटा, कांदा, दूध. मालवणी जिभेला सुरुवातीला मिळमिळीत वाटतं, गार वाऱ्यात दुसरी वाटी मागावीशी वाटते. बाकी दशम्या आणि लसणीची चटणी डब्यात असली की कुठलाही कडा आपला.

रस्त्यांबद्दल: आडवाटा एकपदरी असतात, मध्ये मध्ये बगल दिलेली असते. बगल डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा आत जाईल. तिथे गाडी लावून फोटो काढत बसू नका. भारतीय परवान्यावर वर्षभर गाडी चालवता येते, बाबांना हौस असेल तर. विमा मात्र भावाने बघावा.

आणि २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये रानावनातून, खाजगी माळावरूनसुद्धा पायी जायचा हक्क आहे. घराच्या अंगणात शिरायचं नाही, पिकातून जायचं नाही, फाटक उघडलं तर लावायचं. मेंढ्यांची कोकरं असतात तेव्हा लांबून.

एक जागा मी माझ्या पाहुण्यांना दाखवतो, ती कुठल्या यादीत नसते. हेझलहेड बागेत पायपर अल्फाचं स्मारक आहे. ६ जुलै १९८८ ला समुद्रातल्या त्या तेलफलाटावर स्फोट झाले, १६७ माणसं गेली. गुलाबांच्या मध्ये तीन कामगारांचे पुतळे. आज आम्ही हेलिकॉप्टरमध्ये चढण्याआधी जी प्रशिक्षणं घेतो, फलाटावर जे नियम पाळतो, त्यातलं बरंच त्या रात्रीनंतर आलं. किल्ले बघायला आलेल्याला ते बघावंसं वाटेलच असं नाही. पण हे शहर कशावर उभं आहे ते तिथे कळतं.

दीपगृह

फ्रेझरबर्गचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. किनेर्ड हेडला सोळाव्या शतकातल्या किल्ल्याच्या छतातूनच दीपगृह वर काढलं आहे. १७८७ मध्ये पेटलं, स्कॉटलंडच्या दीपगृह मंडळाने उभारलेलं हे पहिलंच. शेजारी संग्रहालय, त्यात माणसापेक्षा उंच भिंगं. हात लावायला मनाई आहे आणि लावावासा वाटतोच.

सातारची_मीरा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. ग्रेंजरबाईंवर अडकून बसलेत. "शिबंदी किती होती, पाणी कुठलं, तोफा कुठल्या" असे प्रश्न चालू आहेत. गडकोट, तयारीत राहा. आईने आयडरची हाक मोबाइलवर शोधून काढली आणि आता बाबा काहीही बोलले की तीच हाक देते.

तूर्तास ठरलं ते असं. किनाऱ्याची यादी: डनॉटर, किनेफ, फाउल्सह्यू एका दिवशी, न्यूबर्गचे सील आणि बुलर्स दुसऱ्या, क्रोवी, ट्रूप हेड, फ्रेझरबर्ग दम असेल तर. आतली यादी: क्रेथ्स, बर्न ओ'व्हॅट, बॅलाटर. क्रेगिवार की बाल्मोरल यावर घरात मतदान बरोबरीत सुटलंय. एडिंबऱ्याहून ट्रेनने येतोय, कुठल्या बाजूला बसू?

उत्तरसमुद्री

उजव्या. फोर्थच्या खाडीवरचा १८९० चा पोलादी पूल, मग टे नदीवरचा, आणि आर्ब्रोथपासून पुढे समुद्र बराच वेळ सोबत असतो. आणि पहिल्याच दिवशी डनॉटर ठेवू नका, हवा पाहून ठेवा. क्रेगिवारमध्ये मार्गदर्शकाबरोबरच आत जाता येतं आणि जागा मोजक्या असतात, तेव्हा मतदान लवकर उरका.

कॉलेजकुमार

मस्त धागा! आम्ही तिघं मित्र ऑक्टोबरमध्ये जातोय, बसने फिरणार. काही उपयोग आहे का?

पाखरू

कडे रिकामे असतील, सील असतील. बँकरीजवळ फ्यूच्या धबधब्यावर जा, पाणी चढलेलं असेल तर सामन मासे उड्या मारत उलटे वर जातात, पुलावरून दिसतं.

उत्तरसमुद्री

बरेचसे वाडे ऑक्टोबरमध्ये शनिवार-रविवारपुरते उघडतात किंवा बंदच होतात, एकेकाची वेळ पाहून घ्या. स्टोनहेवनला ट्रेनने वीस मिनिटांच्या आत पोचता, तिथून डनॉटरला कड्याकडेने पायवाट आहे. बॅलाटरकडे ॲबर्डीनहून बस जाते. अंधार लवकर पडतो आणि शेवटची बस चुकली की टॅक्सीचं भाडं तिघांत वाटूनही टोचतं.